मागणाऱ्याचं पथ्य

आनंदीबाई चाळीस दिवस मासे खाणार नाही, ही बातमी तारकर्लीत फिरली तेव्हा लोक आधी पोट धरून हसले आणि मग त्यांना मथुराच्या जिवाची काळजी वाटायला लागली. हसले त्यात त्यांचं काही चुकलं नाही. कालव जिभेवर ठेवलं की ते कोळंबच्या खाडीतलं की कर्लीच्या, हे डोळे मिटून सांगणारी बाई ती. सोमवार आणि एकादशी पाळायची, नाही असं नाही, पण त्या दिवशी तिच्या वाटेला कुणी जात नसे. रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढून झालं की वाळूत पहिली टोपली टेकायची ती हिची. अशा बाईने चाळीस दिवस ताकभातावर काढायचे, आणि नाही काढले तर सून हातची जायची, असा तो मामला होता.

सून म्हणजे मथुरा. खारेपाटणची पोर, वीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा दत्ताराम मुंबईला गोदीत, गणपती-शिमग्याला येणारा. सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात मथुराचं पोट बिघडलं ते बिघडलंच. दिवसातून दहा-दहा वेळा परसाकडे पळायची, पोटात पिळा पडून दुमती व्हायची, आणि पडायचं ते आव आणि रक्त. मालवणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, इंजेक्शनं दिली. आठ दिवस बरं, की पुन्हा तेच. डॉक्टर सरळ माणूस. तो म्हणाला, "आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत. माझ्याजवळ होतं ते सगळं देऊन झालं. मुंबईला मोठ्या इस्पितळात न्या. कदाचित आतड्याचा तुकडा कापून काढावा लागेल."

कापून काढावा लागेल म्हटल्यावर आनंदीबाईने मुंबईचं नावच टाकलं. शिवण उसवून पुन्हा घालावी तसं माणसाचं पोट कोण उसवतं?

खोटं कशाला बोला, ती काही मायाळू सासू नव्हती. नवी नवरी उंबऱ्याशी उभी असताना, "ह्या चिपाड खंयसून हाडलास रे?" असं तिने मुलाला सगळ्यांदेखत विचारलं होतं. मथुराने ते ऐकलं होतं आणि कधी बोलून दाखवलं नव्हतं. आता ती खरंच चिपाड झाली होती. भिंतीला धरून चालायची, ओठ पांढरे पडलेले, आणि तशातही म्हणायची, "आत्यानू, तुमी जेवून घेया. मी मागसून जेवतंय." सासूला आत्या म्हणायची तिच्याकडची रीत. हे 'आत्यानू' कानावर पडलं की हल्ली आनंदीबाईला तो उंबरा आठवायचा. मग ती उगाच कोंबड्यांवर ओरडायची.

तुळशीचं लग्न झालं आणि आनंदीबाई नारळ-सुपारी घेऊन सड्याच्या, म्हणजे गावामागच्या कातळमाळाच्या, पायथ्याशी बाबलीकाकांच्या अंगणात जाऊन बसली.

बाबलीकाका सत्तरीचे. त्यांच्या घराण्यात पोटाचं औषध होतं. कसली तरी साल आणायची, मडक्यात उकळायची, पाणी आटवून आटवून काळा लगदा करायचा, आणि त्याच्या गोळ्या वळून सुंठीच्या पुडीत घोळायच्या. संग्रहणीने खाटेला खिळलेली माणसं त्या गोळ्यांनी उठून शेतावर गेलेली लोकांनी पाहिली होती. काका पैसा घेत नसत. पण अटी तीन. एक, औषध आपण होऊन द्यायचं नाही, आजाऱ्याच्या घरचं माणूस मागायला आलं पाहिजे. दुसरी, झाडाचं नाव विचारायचं नाही. नाव बाहेर पडलं की गुण गेला. आणि तिसरी अट अशी, की जो औषध मागेल त्यानेही आजाऱ्याबरोबर पथ्य पाळायचं. मागणाऱ्याने मोडलं की औषध फुकट. या तिसऱ्या अटीपायी कितीतरी सख्खे भाऊ त्या अंगणातून आल्या पावली परत गेले होते. माया होती हो, पण बांगडाही होता.

"आनंदी? तू मागूक इलंस?" तिने हाक दिली तशी काकांनी आवाजावरून ओळखून विचारलं.

"दत्ताराम मुंबईक. घरात मीच आसंय."

"म्हावरा नाय, मिरची नाय, नारळ नाय. सकाळी पेज, दोनदा ताकभात. चाळीस दिस."

"माका चाळीस मोजूक येतंत, काकानू."

काकांना हसू आलं. त्यांनी नारळ घेतला आणि आठ दिवसांच्या गोळ्यांची पुडी तिच्या पदरात टाकली; संपली की येऊन नवी न्यायची.

पहिले चार दिवस आनंदीबाईने कसे काढले ते तिलाच ठाऊक. नारळाच्या बागेत राहायचं आणि वाटपात खोबरं नाही! शेजारी कुणाच्या तव्यावर काही चुरचुरलं की ती दार लोटून घ्यायची. पण एक गोष्ट आपोआप झाली. पूर्वी सून मागून जेवायची. आता दोघींचं जेवण एकच, तेव्हा वेगवेगळी पानं कशाला, म्हणून दोघी चुलीपाशी शेजारी-शेजारी बसायला लागल्या. मथुराच्या बोटांत जोर नसायचा. आनंदीबाई भात गुरगुटा कालवायची आणि एकेक घास तिच्या हातावर ठेवायची. वर बडबडायची, "ह्या ताक बघून वासरू पण तोंड फिरवीत. गीळ गो, गीळ. माका काय हौस आसा?" मथुरा हसायची. हसताना पोट धरायची, पण हसायची. आणि प्रत्येक घास खाली उतरेपर्यंत आनंदीबाई तिच्या गळ्याकडे बघत राहायची.

आठव्या दिवशी पिळा कमी झाला. बाराव्या दिवशी रक्त थांबलं. पंधराव्या दिवशी मथुरा सकाळी एकदाच उठून गेली आणि येताना विहिरीवरून कळशी घेऊन आली, तेव्हा आनंदीबाईने तिला असल्या शिव्या घातल्या की शेजारीण धावत आली. त्या शिव्या आनंदाच्या होत्या, हे मथुराला बरोबर कळलं.

एकोणिसाव्या दिवशी मथुराने स्वतः अंगण सारवलं, केसांना तेल लावून घेतलं आणि म्हणाली, "आत्यानू, तुमी बाजाराक जावन येया. मी बरी आसंय." आनंदीबाई नारळ घेऊन मालवणला गेली. किती दिवसांनी तिला रस्ता मोकळा वाटला! बाजार आटोपून ती सुगंधाकडे डोकावली. सुगंधा तिची लहानपणची मैत्रीण, हात सढळ आणि तोंडही सढळ. चुलीवर बांगड्याचं तिखलं रटरटत होतं, तिरफळाचा वास उंबऱ्यापर्यंत आलेला.

"बस गो. दोन घास खा."

"पथ्य आसा माझा."

"पोर बरी झाली मा? मगे? हंय तू खाल्लंस म्हणान थंय तिका काय होतला?"

आनंदीबाई बसली आणि दोन बांगडे खाल्ले, डोक्यासकट. खाताना मथुराची आठवण झाली नाही असं नाही. झाली, पण गेल्या किती दिवसांत पहिल्यांदाच भीतीशिवाय झाली, आणि तेवढं तिला पुरलं. मग राखेने तीनदा हात घासले आणि गाणं गुणगुणत घरी आली. त्याच हाताने भात कालवून तिने सुनेला घास दिले.

बाविसाव्या दिवशी पुन्हा रक्त पडलं.

तेविसाव्या दिवशी आठ वेळा. चोविसाव्या दिवशी मोजायची सोय राहिली नाही. मथुरा चटईवर मुटकुळं करून पडली, तिला पाणीसुद्धा नको झालं. सुगंधाला कळलं तेव्हा तिच्या पोटात काही राहिलं नाही. तिने मालवणच्या बाजारात एकीला सांगितलं, तिने तिघींना, आणि संध्याकाळच्या आत तारकर्लीला ठाऊक झालं, की आनंदीबायन म्हावरा खाल्ल्यान. कुणीतरी खारेपाटणला निरोपही धाडला. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण विहिरीवर ती गेली की बायका आपापल्या कळशीत बघायला लागल्या. आणि बोलायचं काय होतं? तिला स्वतःलाच ते पटलेलं होतं. दोन बांगड्यांसाठी आपण पोर मारली.

सव्विसाव्या दिवशी सकाळी तिने उरलेल्या गोळ्यांची पुडी उचलली आणि बाबलीकाकांच्या अंगणात जाऊन त्यांच्यापुढे ठेवली.

"ह्या तुमचा परत घेया, काकानू. मी पथ्य मोडलंय. पोर जाता आता. तिका दुसरा कोण मागूक इला तर चलात काय? मी कोणाच्याय पायां पडतंय."

काकांनी तिला जवळ बसवलं. मग म्हणाले, "कोणाक सांगू नको. मागणाऱ्याच्या पथ्याचो नि औषधाचो काय एक संबंध नाय."

"नाय?"

"माझ्या बापाशीन ती अट घातल्यान. एकटा माणूस ताकभात खाता नि बाजूक घरची तिखला वरपतत, तेचा पथ्य निभत नाय. चोरून खाता नि मरता. दोघां आसली काय निभता. इतक्याच."

दुसरी कुणी असती तर सुटकेने रडली असती. आनंदीबाई भडकली. "तर मगे रगत कित्याक इला? सांगा! मी खाल्लंय म्हणान नाय, तर कित्याक इला?"

काकांनी चाचपून पुडी उचलली, एक गोळी तोंडात टाकली आणि चावली. गोळी गिळायची असते, कुणी चावत नाही. चावता चावता म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्यांनी दुसरी गोळी तिच्यापुढे धरली. "चाख."

"सुंठ," आनंदीबाई म्हणाली. आणि मग, "वायच तुरट."

"कडू?"

"नाय."

काका आत जाऊन आढ्याला टांगलेला सालीचा जुना तुकडा घेऊन आले. तो तिने दाताखाली धरला मात्र, कडूपणा टाळूतून कानापर्यंत चढला. डोळ्यांत पाणी आलं. ही जीभ फसणारी नव्हती.

काका पायरीवर बसले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदूचा ढगुळ सारा पडलेला आनंदीबाईने आज पहिल्यांदा नीट पाहिला. वर्षभर म्हातारा माणसं आवाजावरून ओळखत होता आणि कुणाला बोलला नव्हता.

"कुडो," ते म्हणाले. परक्या माणसासमोर ते नाव त्यांनी जन्मात पहिल्यांदा घेतलं. "कुडे दोन, आनंदी. एक कडू, एक गोडो. पानां तशीच, फुलां तशीच. गोड्याच्या शेंगा टोकाक जुळलेल्यो आसतत, तितकोच फरक. ह्या खेपेक माका टोक दिसला नाय. जिभेर ठेवून बघूक होया होता, पण चाळीस वर्सां मी झाडां वळखतंय, ह्या माजात रवलंय. तुझ्या पोरीक मी सुको पालोपाचोळो खावक घातलंय." त्यांचा आवाज फाटला. "चल. देवळाकडे चार माणसांत सांगतंय. तुझ्या माथ्यार कित्याक?"

आनंदीबाई त्यांच्याकडे बघत राहिली. आपण पोर मारली नाही, हे तिला आत्ता कुठे उमगत होतं. हे गावात सांगितलं की विहिरीवरच्या बायका मान वर करून बघणार होत्या. सांगावंसं तिला फार वाटलं. पण मग पुढच्या पावसाळ्यात कुणाच्या पोटात पिळा पडला तर तो या अंगणात येईल?

"काय नको सांगूक," ती म्हणाली. "माझी जीभ तशीय बदनाम आसा. तुमची साल आतापासून आधी माझ्या जिभेर येतली, मगे मडक्यात. उठा. कोयती खंय आसा?"

त्या दोघांनी सकाळभर सडा पालथा घातला. काका हाताने खोड चाचपून झाड सांगायचे, आनंदीबाई साल सोलून चाटायची आणि थुंकायची. चार झाडं गेली. पाचव्याला तिचं तोंड असं वाकडं झालं की ती हसायला लागली. दुपार कलली तोवर मडकं आटलं, गोळ्या वळून झाल्या.

"तुका आता पथ्य नाय," काका म्हणाले. "सुखान खा."

आनंदीबाई घरी आली तर अंगणात माणसं. ओटीवर मथुराची आई, जानकी, एसटीच्या धुळीने माखलेली, शेजारी लेकीचं गाठोडं बांधून ठेवलेलं. कोपऱ्यात खाली मान घालून सुगंधा.

"खाल्ल्यात काय तुमी, विहीणबाय?" जानकीने सरळच विचारलं. "इतक्याच सांगा."

आनंदीबाईच्या पदरात कडू गोळ्या होत्या. तोंडात अजून ती चव होती. एक नाव घेतलं असतं की झालं असतं.

"होय," ती म्हणाली. "दोन बांगडे."

"मथुरा, चल."

"विहीणबाय, तुमच्या पायां पडतंय. नवीन औषध हाडलंय. चाळीस दिस तिका हंय ऱ्हवांदे. मगे माका काय ती शिक्षा करा."

"आणखी चाळीस दिस? तुमच्या जिभेच्या भरवशार?" जानकीचा आवाज चिरकला. "माझा एकच चेडू आसा!"

पोर एसटीत बसून घाट-वळणांचा रस्ता पार करायची नाही, हे आनंदीबाईला दिसत होतं. आणि आईला अडवायचा हक्क आपण घालवला, हेही.

दाराच्या चौकटीला धरून मथुरा उभी राहिली होती. "आये, मी नाय येवचंय," ती म्हणाली. "माका औषध हंयच घेवचा आसा. आत्यांच्याच हातान." कित्याक, कित्याक म्हणून जानकीने दहादा विचारलं. मथुराने फक्त सासूपुढे हात पसरला. आनंदीबाईने एक गोळी आधी स्वतः दाताखाली फोडून पाहिली आणि मग दुसरी त्या हातावर ठेवली.

जानकी गेली नाही. राग धरून ओटीवर बसून राहिली आणि जेवायच्या वेळी म्हणाली, "माकाय ताकभातच घाला. बघतंय कोण चोरून खाता ता." अशी तिसरी थाळी चुलीपाशी आली. आनंदीबाईला पथ्य उरलं नव्हतं, पण तिने चाळीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले. किनाऱ्यावर रापणी लागल्या, सुटल्या, ती तिकडे फिरकली नाही. सहाव्या दिवशी रक्त थांबलं. विसाव्या दिवशी मथुरा भांडी घासायला बसली आणि जानकीने विहिणीला पहिल्यांदा नावाने हाक मारली. पस्तिसाव्या दिवशी पोरीच्या गालांवर मांस दिसलं. आणि चाळिसावा दिवस संपला तेव्हा पौष सरत आला होता आणि मथुरा सासूबरोबर आईला पोचवायला मालवणपर्यंत चालत गेली, वाटेत एकदासुद्धा न बसता.

एसटी धूळ उडवत गेली. दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. आनंदीबाईने चाळीस दिवस जे मनात ठेवलं होतं ते तिला आता धरवेना. "गो मथुरा," ती म्हणाली, "खरा सांग. मी खाल्लंय ह्या माझ्या तोंडान आयकलंस. आवस न्हेवक इल्ली. तरी माझ्या हातचा घेवक ऱ्हवलंस कशी? भियालंस नाय?"

"माका त्याच दिवशी कळलेला," मथुरा म्हणाली. "तुमच्या हाताक वास येय होतो. घास दिल्यात तेवाच."

"नि बोललंस नाय?"

"काय बोलूचा? नि त्या हाताक कित्याक भियाचा?" मथुराने डोक्यावरचा पदर सारखा केला. "एकोणीस दिस घास देताना तुमी माझ्या गळ्याकडे बघी होतात, उतारता काय नाय. तुमी इतक्या भियालेल्यात, मी मरतलंय ह्याची माका खात्रीच झाल्ली. आणि त्या दिवशी तुमी गाणा म्हणत इल्यात. हाताक बांगड्याचो वास. माका वाटला, आत्या आता भियत नाय. म्हणजे मी जगतलंय."

आनंदीबाई तिथेच, भर रस्त्यात, तोंडाला पदर लावून रडायला लागली.